उजवीकडे काळा पट्टा आला म्हणजे शटर गेलंच का? (पेंटॅक्स के १०००)

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, फोटो मोठा करून दोन-तीनदा नीट बघितला. मला काय समजलं ते आधी सांगतो म्हणजे कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मामांचा पेंटॅक्स के १००० आणि त्यावरची ५० मिमी एफ २ लेन्स तुम्हाला मिळाली, कॅमेरा पंधरा-सोळा वर्षं कपाटात पडून होता. तुम्ही त्यात ४०० चा (आयएसओ ४००, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा) कलर रोल घातला, पुण्यात फिरून ३६ फोटो काढले, लॅबने स्कॅन पाठवले तर त्यातल्या दहा-बारा फोटोंची उजवी बाजू काळवंडलेली आणि बाकीचे एकदम व्यवस्थित. खराब आलेले सगळे बाहेरचे, शनिवारवाडा, पर्वती, वेताळ टेकडी. चांगले आलेले घरातले, तुळशीबागेतल्या बोळातले आणि संध्याकाळचे. फ्लॅश वापरला नव्हता, शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते) काय ठेवले होते ते आठवत नाही. दुकानात मोबाइलवर फोटो दाखवला तर ते म्हणाले शटर गेलंय, पडदे बदलावे लागतील, साडेचार हजार. आणि आता तुम्ही विचारताय की पैसे घालू की मामांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवून देऊ.

मी सदाशिव पेठेत घरीच कॅमेरे दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली. तुमच्या कॅमेऱ्यात शटरच्या पडद्यांचा दोष असावा असं मलाही वाटतंय, ते लपवत नाही. पण "पडद्यांचा दोष आहे" आणि "पडदे बदला" या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे, आणि मोबाइलवर एक स्कॅन बघून ते अंतर कुणालाच कापता येत नाही, मलाही नाही. त्यामुळे शटर गेलं की नाही हे नंतर बघू, आधी हा काळेपणा नेमका कुठल्या टप्प्यावर आला ते शोधू. समोरचं दृश्य, मग लेन्स, मग आरसा, मग शटर, मग फिल्म, मग लॅबमधलं धुणं, मग स्कॅनर, एवढ्या हातांतून तो फोटो तुमच्यापर्यंत आलाय, आणि यातला प्रत्येक जण फोटो काळा करू शकतो, फक्त प्रत्येकाची खूण वेगळी असते.

हे मी का म्हणतो ते सांगतो. सुरुवातीच्या काळात लग्नाचे फोटो काढणारा एक जण माझ्याकडे कॅमेरा घेऊन आला, प्रत्येक प्रिंटच्या वरच्या बाजूला अंधार. मी प्रिंट बघितल्या आणि शटर म्हणून मोकळा झालो, कॅमेरा उघडला, पडदे साफ केले, त्यांच्या स्प्रिंगचं टेन्शन बघितलं, दोन दिवस घालवले, आणि पुढच्या रोलला तोच पट्टा तिथेच. मग मी निगेटिव्ह मागितली. बघतो तर काय, पट्टा फिल्मच्या लांबीने सलग चाललेला, दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेतूनसुद्धा, आणि कडेला कंपनीने छापलेले आकडे त्या बाजूला पुसट. ज्या लॅबमध्ये तो रोल धुवायचा तिथे टाकीत केमिकल कमी पडत होतं, फिल्मची वरची कड नीट बुडतच नव्हती. कॅमेऱ्यात काहीही बिघडलं नव्हतं. ऐन लग्नसराईत तो माणूस दोन दिवस कॅमेऱ्याविना बसला ते मला अजून लागतं. तेव्हापासून नियम ठरवून टाकला की निगेटिव्ह हातात आल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

निगेटिव्हमध्ये एवढं काय असतं जे स्कॅनमध्ये नसतं? कड. लॅब स्कॅन करताना फ्रेमच्या बाहेरचं सगळं कापून टाकते आणि नेमका पुरावा तिथेच असतो. शटर हे फक्त फ्रेमच्या चौकटीपुरतं काम करतं, त्यामुळे शटरचा दोष कधीही चौकटीच्या बाहेर जात नाही, फिल्मच्या कडेच्या भोकांपाशी किंवा आकड्यांवर त्याचा काही परिणाम दिसणार नाही. धुण्यातला दोष चौकट ओळखत नाही, तो कडेपर्यंत जातो आणि आकडेसुद्धा फिके करतो, कारण ते आकडे कारखान्यातच छापलेले असतात आणि चांगलं धुतलं तरच ठसठशीत उठतात. मागच्या झाकणातून प्रकाश आत शिरत असेल तर तोही चौकटीबाहेर सांडतो, पण तिथे उलटं, निगेटिव्हवर काळा डाग आणि फोटोत पांढरा-केशरी धूर. हे उलटसुलट नीट डोक्यात ठेवा कारण बरेच जण इथे गोंधळतात: फोटोत काळं म्हणजे निगेटिव्हवर मोकळं पारदर्शक, तिथे प्रकाश पोचलाच नाही. फोटोत जास्त पांढरं म्हणजे निगेटिव्हवर काळं, तिथे नको तेवढा प्रकाश आला. तुमचा पट्टा काळा आहे म्हणून लाइट लीक इथेच बाद, झाकणाचा फोम बदलून तो जाणार नाही, कुणी सांगितलं तरी. (फोम एवढ्या वर्षांत चिकट झालाच असेल, तो कधीतरी बदला, पण तो विषय वेगळा.)

आता तुमच्या फोटोकडे येऊ. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे वर्षातला बराच काळ दुपारी त्याच्या तोंडावर ऊन नसतं आणि बुरुजांवर उजेड-सावली असतेच. म्हणजे उजवीकडचा बुरुज काळा दिसणं हा पुरावा होऊ शकत नाही, तो खरोखरच सावलीत असेल. म्हणून मी बुरुज सोडला आणि वरचं आकाश बघितलं. आकाशाला सावली पडत नाही. तुमच्या फोटोत आकाशही उजवीकडे जाताना गडद होत जातं आणि शेवटच्या कडेला जवळजवळ काळं, हे निसर्गात होत नाही. थोडं गडद होऊ शकतं, सूर्यापासून काटकोनात आकाश जास्त निळं असतं आणि पोलरायझर फिल्टर लावला असेल तर अजूनच, पण काळं नाही. अशी शंका आली की मी भिंत, आकाश, रस्ता असा एकसारखा भाग शोधतो, कारण झाडं, माणसं, नक्षीकाम यांत पट्टा लपून जातो.

अजून एक गोष्ट तुमची तुम्हीच बघा. त्या दहा-बारा फोटोंत कॅमेरा उभा धरून काढलेला एखादा आहे का? पर्वतीच्या पायऱ्यांचा असेल बहुतेक. त्यात पट्टा उजवीकडे नसून वर किंवा खाली असायला हवा, कारण कॅमेरा फिरला तर शटरही त्याच्याबरोबर फिरलं. उभ्या फोटोतही पट्टा उजवीकडेच असेल तर माझा सगळा तर्क बाजूला ठेवा आणि मला सांगा, आपण परत पहिल्यापासून बघू.

बाकीचे संशयित पटकन निकालात काढतो. फ्लॅश: या कॅमेऱ्यात फ्लॅशसाठी १/६० सेकंद ही कमाल मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त स्पीडला फ्लॅश मारला तर फोटोचा एक भाग सुरीने कापल्यासारखा काळा येतो, हा दोष नाही, तसाच तो बनवलाय. तुम्ही फ्लॅश वापरला नाही आणि तुमचा काळेपणा हळूहळू उतरत जातो, म्हणून बाद. एलईडी किंवा ट्यूबलाइटचे पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, त्याचा त्रास घरात होतो, पर्वतीवर उन्हात नाही. बोट, कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा, लेन्सचा हूड: यांचा आकार गोलसर आणि धूसर येतो, बोट किंवा गळ्यातला पट्टा दहा-बारा फोटोंत एकाच जागी येत नाही, आणि हूड आलाच तर कोपऱ्यांत येतो. आरसा: हा मात्र जुन्या पेंटॅक्समध्ये खरंच अडकतो, वरचा फोम चिकट होतो, तेल सुकतं आणि आरसा वेळेत वर जात नाही, पण आरसा वरच्या बिजागरीवर फिरतो म्हणून त्याची सावली फोटोच्या लांब बाजूला, खालच्या अंगाला पडते. तुमचा पट्टा आखूड बाजूला उभा आहे.

आखूड बाजूला उभा पट्टा, यालाच माझ्या लेखी सगळ्यात जास्त किंमत आहे. के १००० (१९७६ ते १९९७ असा वीसेक वर्षं हा कॅमेरा बनत होता, म्हणून अजूनही जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी एखादा दिसतो) याचं शटर रबर लावलेल्या कापडाचं आहे आणि ते आडवं धावतं, ३६ मिमीच्या रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. निकॉन एफएम २ सारख्या कॅमेऱ्यात धातूच्या पट्ट्या उभ्या धावतात, त्यामुळे तिथे असाच दोष लांब बाजूला, वर किंवा खाली आला असता. शटर ज्या दिशेने धावतं त्याच दिशेच्या शेवटी दोष दिसतो. मात्र उजवं की डावं यावर फार विसंबू नका, स्कॅन उलटा झालेला असू शकतो, पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येतात का ते बघून घ्या.

आता हे होतं कसं ते समजावतो, थोडं लांबेल पण हे कळलं की दुकानात तुम्हाला कुणी काहीही सांगू शकणार नाही. शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत जातो. १/६० ला पहिला पडदा पूर्ण पार जातो, सगळी फ्रेम उघडी होते आणि मग दुसरा निघतो. पण १/१००० ला एवढा वेळच नसतो, पहिला थोडासा पुढे गेला की लगेच दुसरा सुटतो आणि दोघांच्या मधली एक बारीक फट फिल्मवरून सरकत जाते. विसर्जन मिरवणुकीत दोन ढोल पथकं मंडईतून निघताना मध्ये वीस पावलांचं अंतर ठेवून निघतात, आता पुढचं पथक लक्ष्मी रोडवर रेंगाळायला लागलं आणि मागचं आपल्या चालीने येत राहिलं तर अलका चौकात पोचेपर्यंत मधलं अंतर संपतं आणि मागचे पुढच्यांच्या अंगावर येतात. तुमच्या कॅमेऱ्यात हेच होतंय. सुरुवातीला फट बरोबर आहे म्हणून फोटोची एक बाजू छान, पण पहिला पडदा मंद झालाय, दुसरा त्याला गाठतो, फट अरुंद होत जाते, फोटो गडद होत जातो आणि शेवटी फट मिटते. आम्ही याला कॅपिंग म्हणतो. म्हणूनच तुमचा पट्टा सुरीने कापल्यासारखा नसून उतरता आहे.

थोडा हिशेब करू. पडद्याला ३६ मिमी पार करायला १२ मिलिसेकंद लागतात असं धरू, ढोबळ आकडा आहे, हिशेबाला सोपा. म्हणजे एका मिलिसेकंदात ३ मिमी. १/१००० ला फट साधारण ३ मिमीची. आता समजा शेवटच्या कडेला दोन पडद्यांमधलं अंतर फक्त अर्ध्या मिलिसेकंदाने कमी झालं. १/१००० ला एक मिलिसेकंद प्रकाश मिळायला हवा होता, मिळाला अर्धा, म्हणजे सरळ एक स्टॉप कमी (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप कमी म्हणतात). १/५०० ला दोनाच्या जागी दीड, अर्ध्या स्टॉपहून कमी फरक, लक्ष देऊन बघितलं तर दिसेल. १/२५० ला चाराच्या जागी साडेतीन, कलर निगेटिव्ह ते पोटात घालते. आणि १/६० ला जवळपास सतराच्या जागी साडेसोळा, कुणाच्या बापाला कळणार नाही. चूक तेवढीच, अर्ध्या मिलिसेकंदाची, पण वेगवान स्पीडला ती फोटो खाते आणि संथ स्पीडला दिसतसुद्धा नाही. अंतर एक मिलिसेकंदाने कमी झालं की १/१००० ला कड पूर्ण काळी आणि १/५०० ला एक स्टॉप कमी.

आणि इथे तुमच्या न आठवणाऱ्या स्पीडचा प्रश्न सुटतो. तुम्ही ४०० चा रोल वापरला. कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवलं (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) तर स्पीड फिल्मच्या आयएसओएवढा (१ भागिले आयएसओ) लागतो हा जुना हिशेब, म्हणजे ४०० ला १/५००. कुणी नवीन माणूस दुपारी एफ १६ ला फोटो काढत नाही, तो एफ ११ किंवा ८ ला काढतो, मग मीटरची सुई (प्रकाश बरोबर आहे का ते दाखवणारी) मध्यावर आणायला १/१००० लागतोच आणि तरी एफ ८ ला सुई वरच राहते. शनिवारवाड्याचा दरवाजा सावलीत असला तरी समोरचं आवार उन्हात आणि वर भरपूर आकाश, सुई वरच जाणार. पर्वती, वेताळ टेकडी तर उघडीच. उलट घरात, तुळशीबागेच्या बोळात, संध्याकाळी तुम्ही १/३०, १/६०, फार तर १/१२५ ला असणार. म्हणजे तुम्ही "बाहेरचे खराब, आतले चांगले" असं जे सांगितलंत ते खरं तर "वेगवान स्पीडचे खराब, संथ स्पीडचे चांगले" असं आहे. माझा कल पडद्यांकडे झुकला तो या वाटणीमुळे, त्या एका फोटोमुळे नाही. तो फोटो एकटा आला असता तर मी एवढंच म्हटलं असतं की आखूड बाजूला पट्टा आहे, बघावं लागेल.

तर इथपर्यंत: पट्टा काळा म्हणून लाइट लीक नाही, आखूड बाजूला म्हणून आरसा आणि धुण्याची टाकी नाही, उतरता म्हणून फ्लॅश नाही, आकाशातही आहे म्हणून सावली नाही, उन्हातच येतो म्हणून वेगवान स्पीड. आता खात्री करायची.

पहिली परीक्षा फुकट आहे. रोल नसताना मागचं झाकण उघडा, लेन्स काढा, खिडकीत उभं राहून कॅमेरा उजेड असलेल्या आकाशाकडे धरा (सूर्याकडे अजिबात नाही, डोळा जाईल) आणि मागून बघत १/१००० ला शटर मारा. कॅमेऱ्याला यासाठी सेल लागत नाही, सेल फक्त मीटरला लागतो, शटर पूर्ण यांत्रिक आहे. क्षणभर सगळी चौकट एकसारखी उजळलेली दिसायला हवी. एक बाजू काळी राहिली तर निदान झालं. सात-आठ वेळा मारा, कारण पहिल्या दोन वेळा काळी आणि नंतर बरी असं झालं तर तीही मोठी खूण आहे, त्यावर पुढे येतो. मग ५००, २५०, १२५ ला बघा. प्रत्येक पायरीला बरं होत गेलं तर जो हिशेब वर केला तो डोळ्यांनी दिसेल. पण प्रत्येक स्पीडला, अगदी १/३० लाही तेवढाच भाग काळा राहिला तर पहिला पडदा शेवटपर्यंत पोचतच नाहीये किंवा मध्ये काहीतरी आलंय, तो वेगळा आजार, मग घरी हात लावू नका.

मोबाइलचा स्लो मोशन इथे फार उपयोगाचा नाही. २४० फ्रेमचा व्हिडिओ घेतला तरी एक फ्रेम चार मिलिसेकंदांची, त्यात १/१००० काय दिसणार. १/१५, १/८ असे संथ स्पीड तपासायला ठीक आहे. त्यापेक्षा कुणाकडे जुना डब्बा टीव्ही चालू स्थितीत असेल तर तो सोनं आहे, मी माझ्याकडचा फक्त यासाठी जपून ठेवलाय. त्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, एकेक रेषा वरून खाली ओढली जाते, १/१००० सेकंदात सोळाएक रेषा होतात. खोलीत अंधार करून, मागून शटरमधून टीव्ही बघत शटर मारलं की पडदा आडवा धावतोय आणि रेषा खाली उतरतायत त्यामुळे एक तिरका उजळ पट्टा दिसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी सारखी तर शटर उत्तम, एका टोकाला निमुळता होत मिटला तर कॅपिंग. आताच्या सपाट टीव्हीवर हे होत नाही, तो प्रयोग करून वेळ घालवू नका.

दुसरी परीक्षा फिल्मवरची, पुढच्या रोलचे पहिले पाच फोटो त्यासाठी ठेवा. सावलीतली एखादी पांढरी भिंत घ्या. ४०० च्या फिल्मला मोकळ्या सावलीत १/६० ला एफ १६ च्या आसपास येतं, सुई बघून घ्या. मग १/१२५ ला एफ ११, १/२५० ला ८, १/५०० ला ५.६, १/१००० ला ४. प्रकाश प्रत्येक वेळी तेवढाच, फरक फक्त शटरचा. कागदावर क्रम लिहून ठेवा. एफ ४ ला लेन्समुळे चारही कोपरे किंचित गडद येऊ शकतात, पण ते चारही बाजूंना सारखे असतात, एकाच बाजूला नाही. आणि लॅबला सांगा की या पाच फ्रेम स्कॅन करताना उजळ-गडद काही करू नका, नाहीतर त्यांचं मशीन स्वतःच्या मनाने सगळं सारखं करायला जातं आणि परीक्षा वाया जाते.

आता दोष पडद्यांचा आहे असं धरलं तर तो झाला कशाने? पंधरा-सोळा वर्षं कपाट. पडदे ज्या रुळांवर गुंडाळले जातात त्यांच्या टोकांना तेल-ग्रीसचा अगदी बारीक थर असतो, तो वर्षानुवर्षं न हलता पडून राहिला की मधासारखा चिकट होतो, त्यात पुण्याचा पावसाळा चार महिने, कातडी कव्हरमध्ये ओल धरलेली. पहिला पडदा जोर लावून निघतो पण चिकटपणात अडखळतो. याची ओळख म्हणजे कॅमेरा थंड असताना, बराच वेळ ठेवून दिल्यावर दोष जास्त, आणि पन्नास-साठ वेळा रिकामं शटर मारलं, हातात थोडा गरम झाला की कमी. डिसेंबरात पहाटे सिंहगडावर काढलेले फोटो काळे आणि त्याच रोलवरचे दुपारचे बरे, असे कॅमेरे माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात. म्हणून वर म्हटलं की सात-आठ वेळा मारून बघा. मारता मारता सुधारत असेल तर पडदे शाबूत आहेत आणि रोग सुकलेल्या तेलाचा आहे, त्याला साफसफाई आणि नवीन तेलाचा थेंब लागतो, नवीन पडदे नाही.

इथे दोन चुका होतात. एक घरी होते, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे फटीतून आत मारतात. दोन दिवस कॅमेरा पळतो, मग ते तेल पडद्याच्या रबरावर, आरशावर, सगळीकडे पसरतं आणि पुढे माझ्यासारख्याला सगळा कॅमेरा धुवावा लागतो, कधीकधी पडदा खरंच जातो. कृपा करून हे करू नका. दुसरी चूक दुरुस्ती करणारे करतात आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. पडद्याच्या स्प्रिंगचं टेन्शन वाढवायला एक स्क्रू असतो, साफसफाई न करता तो नुसता पिळला की पहिला पडदा जोराने ओढला जातो, फट परत उघडते, पाच मिनिटांत काम, गिऱ्हाईक खूश. पण चिकटपणा तिथेच असतो, वर्षभरात अजून वाढतो, मग अजून पिळा, शेवटी स्प्रिंगमध्ये जीव राहत नाही आणि जास्त जोराने आपटून पडदा टोकाला उसळी मारायला लागतो, त्याने कडेला वेगळीच रेघ येते. टेन्शनला हात लावायचा तो साफसफाई झाल्यावर, शटरचा वेळ मोजणाऱ्या टेस्टरवर आकडे बघत, आणि गरज असेल तरच.

मग पडदे कधी बदलायचे? कापडावरचं रबर तडकलं असेल, सुरकुत्या पडून ताठ झालं असेल, शिवण किंवा पट्टी सुटली असेल, किंवा बारीक भोकं पडली असतील तर. भोकांची खूण निगेटिव्हवर मिळते, बऱ्याच फ्रेममध्ये एकाच जागी काळे ठिपके, फोटोत ते पांढरे दिसतात. तुम्ही दिलेल्या फोटोत तसं काही नाही. दुकानदाराने पडदा उघडून बघितला आणि रबर गेलंय म्हणाला असता तर मी त्याच्या शब्दाला मान दिला असता, कारण त्याने डोळ्यांनी बघितलं आणि मी नाही. पण मोबाइलवरच्या फोटोत रबर दिसत नाही.

दुरुस्तीला कुणाकडेही द्या, फक्त एक मागा: देताना आणि परत घेताना १/१००० चे तीन आकडे, फ्रेमच्या एका कडेला, मध्ये आणि दुसऱ्या कडेला. हे मोजायचं यंत्र जो नियमित शटर दुरुस्त करतो त्याच्याकडे असतंच. एवढ्या जुन्या कॅमेऱ्यात पाव स्टॉपचा फरक चालतो, मी अर्ध्या स्टॉपपर्यंत तक्रार करत नाही, पण तिन्ही जागी आकडे जवळपास सारखे हवेत. नुसतं "झालं साहेब, मस्त चालतंय" यावर पैसे देऊ नका.

माझं कुठे चुकू शकतं तेही सांगून ठेवतो. स्कॅनरमध्ये फिल्म वाकडी बसली असेल तर असाच पट्टा काही फोटोंत येऊ शकतो, निगेटिव्ह बघितली की ते एका मिनिटात कळेल. आणि मामांनी कॅमेरा कधी पाडला असेल, आधी कुणी उघडला असेल, तर वरचा सगळा सुकलेल्या तेलाचा हिशेब अपुरा पडतो. घरी विचारून बघा, जुन्या कॅमेऱ्याचं निम्मं निदान त्याच्या आयुष्याची चौकशी करून होतं.

शोकेसमध्ये मात्र ठेवू नका. सर्व्हिसिंग होईपर्यंतसुद्धा हा कॅमेरा वापरता येतो, फक्त ४०० ऐवजी १०० चा रोल घाला. भर उन्हात १/१२५ ला एफ १६ येतं, त्या स्पीडला हा दोष दिसणार नाही आणि एफ १६ ला समोरच्या पायरीपासून मागच्या देवळापर्यंत सगळं स्वच्छ येतं. ४०० च घालायचा असेल तर तुमची लेन्स एफ २२ पर्यंत बंद होते, तिथे १/२५० मिळतो, जेमतेम पण चालेल. ५०० आणि १००० या दोन आकड्यांना फक्त हात लावायचा नाही. आणि वापरात राहिला तर तो अजून चिकटणार नाही.

एक काम मात्र उद्याच करा, लॅबमध्ये जाऊन निगेटिव्ह मागून घ्या. हल्ली बरेच जण फक्त स्कॅन घेतात आणि लॅबवाले काही दिवसांनी फिल्म टाकून देतात. मिळाली की मोबाइलवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्याच्यापासून बोटभर वर निगेटिव्ह धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येणार नाहीत, आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्ही बाजूंची भोकं आणि आकडे दिसतील असा फोटो काढून पाठवा. तीन पट्ट्या पुरेत: शनिवारवाड्याची, घरातल्या एखाद्या फोटोची, आणि पर्वतीच्या उभ्या फोटोची.